घाट चढण्यापूर्वी : चाकांच्या नटांविषयी चार शब्द

[कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्रवासी मोटारींचे मालक, चालक, गॅरेजचालक आणि पंक्चर काढणारे कारागीर यांच्या मेळाव्यात मोटार यंत्रकामाच्या एका निवृत्त निदेशकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.]



रस्त्यावरील सुरक्षिततेविषयी बोलावयास उभा राहिलेला वक्ता सामान्यतः वेगाविषयी, मद्यपानाविषयी किंवा शिरस्त्राणाविषयी बोलतो. ते विषय महत्त्वाचेच आहेत. पण त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती तळहातावर मावते. ती म्हणजे चाकाचा नट. आपल्यापैकी प्रत्येकाने हा नट शेकडो वेळा कसला असेल, आणि म्हणूनच त्याविषयी नव्याने शिकण्यासारखे काही उरलेले नाही असे आपणांस वाटत असेल. मलाही तरुणपणी तसेच वाटत होते. तो समज कसा दूर झाला ते पुढे सांगेन.

प्रथम आपल्या भागाकडे पाहू. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटा येथेच डोंगराला भिडतात. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. घाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. महडच्या वरदविनायकाला येणाऱ्या अष्टविनायक यात्रेच्या बसगाड्या, नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढणाऱ्या टॅक्सी, पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्यांकडे निघालेल्या मिनिबस, उल्हास नदीच्या काठच्या शेतघरांवर सुट्टी घालविण्यासाठी येणारी कुटुंबे, अशी वाहतूक येथे बारा महिने असते. त्यात आता घरासारख्या सजविलेल्या कॅरव्हॅन मोटारींचीही भर पडू लागली आहे. अशा मोटारींतून पर्यटन वाढावे म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र धोरणच स्वीकारले. ही सर्व वाहने माणसे घेऊन घाट चढतात आणि उतरतात. घाटात सुटलेले चाक काय करील, हे येथील माणसाला वेगळे सांगावयास नको.

माझ्या हातून घडलेली चूक

तरुणपणी मी खोपोलीत एका गॅरेजमध्ये काम करीत होतो. माघी गणेशोत्सवाचे दिवस होते. यात्रेच्या एका बसचे मागचे डावे जोडचाक मी सकाळी बसविले. यात्रेसाठी गाडी देखणी दिसावी म्हणून मालकाने चाकांच्या डिस्का आदल्याच दिवशी रंगवून घेतल्या होत्या. मी नट कसले, आणि मन लावून कसले. टॉमीच्या टोकावर आम्ही दोघे उभे राहिलो आणि नट तसूभरही हलत नाही याची खात्री करून घेतली. चालकाने विचारले, “घट्ट आहे ना?” मी म्हणालो, “आता सहा महिने बघायला नको.”

गाडी महडला जाऊन पुढे पालीला गेली. परतीच्या वाटेवर क्लीनरचे काम करणाऱ्या पोराला मागून टक् टक् असा आवाज ऐकू येऊ लागला. त्याने दोनदा सांगितले. रस्ता खराब आहे, असे म्हणून चालकाने ते कानाआड केले. तिसऱ्या वेळी पोराने पत्र्यावर जोराने थाप मारली, तेव्हा गाडी थांबली. निरोप मिळताच मी स्टड घेऊन धावलो. दहापैकी चार स्टड तुटले होते. उरलेल्या सहांचे नट नुसत्या बोटांनी फिरत होते. डिस्केची भोके लंबगोल झाली होती. गाडीतून उतरलेले यात्रेकरू रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसले होते. त्यांत वृद्ध स्त्रियाच अधिक होत्या. त्यांतील एकीने मला प्रसादाचा तुकडा दिला आणि म्हणाली, “लेकरा, तू आलास म्हणून बरे झाले.” ज्याच्या हातामुळे ही वेळ आली तोच आपण, हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

चाक उतरविल्यावर मी डिस्केच्या पृष्ठभागावर नखाने ओरखडा काढला. रंगाची सालपटे निघाली. तेव्हा मला कळले की, नट कमी कसला म्हणून हे झालेले नव्हते. जोडचाकात ड्रमचे एक, आतील डिस्केची दोन आणि बाहेरील डिस्केची दोन अशी पाच पृष्ठे नटाच्या दाबाखाली येतात. त्या पाचही पृष्ठांवर ताजा रंग होता. नट रंगावर कसला गेला होता. गाडी चालू लागल्यावर रंग चेपला, चुरा होऊन निघून गेला, आणि जेवढी त्याची जाडी होती तेवढी ढिलाई नटाखाली निर्माण झाली. मी दोन माणसांच्या वजनाने कसलेला नट पन्नास-साठ किलोमीटरांत निरुपयोगी ठरला.

नट नेमके काय करतो?

पुष्कळांची अशी समजूत असते की, गाडीचा भार स्टड पेलतात. ही समजूत बरोबर नाही. नट फिरविला की स्टड किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबरी पट्ट्याप्रमाणे तो पुन्हा आखूड होऊ पाहतो आणि त्या ओढीने डिस्केला हबवर दाबून धरतो. डिस्क आणि हब यांमधील या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते ते गाडीचा भार, ब्रेकचा ताण आणि वळणावरील रेटा सहन करते. दाब आहे तोवर डिस्क हबवर सरकत नाही. दाब गेला की ती सरकू लागते. मग प्रत्येक फेऱ्याला स्टडवर आडवा आघात बसतो, आणि लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडावी तसा स्टड तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो आणि तोही तुटतो. चाक निखळते ते असे.

हा दाब केवढा असतो? लहान मोटारीच्या १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडचा नट १०० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने कसला, तर तो एकटा नट सुमारे ४ टनांचा दाब निर्माण करतो. पाच नटांचा मिळून २० टनांचा दाब होतो. न्यूटन-मीटर हे माप अपरिचित वाटत असेल तर असे समजावे : १ मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १० किलो वजनाइतका जोर दिला की साधारण १०० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. पाना अर्धा मीटर लांबीचा असेल तर २० किलोंचा जोर लागतो. आता ७० किलो वजनाचा माणूस १ मीटर लांबीच्या टॉमीवर उभा राहिला तर काय होईल, त्याचा हिशेब आपणच करावा. लहान मोटारीला हव्या असलेल्या पिळाच्या सातपट पीळ त्या बिचाऱ्या स्टडवर बसतो. तो एकदा मर्यादेबाहेर ताणला गेला की पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही, त्याची ओढ जाते, आणि पुढे तो केव्हाही तुटतो. तेव्हा फार कसणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. ढिला नट जितका घातक, तितकाच वाजवीपेक्षा अधिक आवळलेला नटही घातक आहे.

मोठ्या मालमोटारीच्या आणि बसच्या जाड स्टडांना अर्थातच अधिक पीळ लागतो. २२ मिलिमीटरच्या स्टडला तो ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. परंतु प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. तो अंदाजाने ठरवू नये. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तो छापलेला असतो. ती पुस्तिका गाडीतच ठेवावी आणि आकडा मोठ्या अक्षरांत गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

नट सैल का होतो?

नीट कसलेला नटही नंतर सैल होऊ शकतो, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण रंग, गंज आणि चिखल. पावसाळ्यात आपल्याकडे डिस्क आणि ड्रम यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे जमतात. लाल मातीचा लेप बसतो. त्यांवर चाक बसविले तर माझ्या बाबतीत रंगाचे जे झाले तेच येथे होते. दुसरे कारण असे की, नव्या डिस्का, नवे स्टड किंवा नवे नट बसविले म्हणजे त्यांची पृष्ठे एकमेकांवर नीट बसण्यास काही अंतर जावे लागते. तिसरे कारण उष्णता. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेक सतत वापरला की ड्रम तापतो, त्याबरोबर हब आणि डिस्क तापतात, प्रसरण पावतात आणि पुन्हा निवतात. या खेळात सांध्याचा दाब कमी होऊ शकतो. चौथे कारण म्हणजे चुकीचा नट. काही नटांची बैठक निमुळती असते, काहींची गोलाकार, काहींची सपाट. डिस्केच्या भोकाची बैठक ज्या आकाराची असेल त्याच आकाराचा नट हवा. मिश्रधातूची डिस्क असलेल्या गाडीची स्टेपनी पुष्कळदा साध्या पोलादी डिस्केची असते आणि तिला वेगळे नट लागू शकतात. मालकाने याची चौकशी गाडी घेतानाच करून ठेवावी. भर पावसात रस्त्याच्या कडेला ती करता येत नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या जीपगाड्यांविषयी. त्यांतील अनेकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला कारागीर मोकळा करावयाच्या समजुतीने नट अधिकच आवळतो आणि स्टड तोडून बसतो. पाना लावण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहावी.

चाक बसविण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी, हातब्रेक ओढावा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाच्या पुढेमागे दगड लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे मोकळे करावेत आणि मगच जॅक लावावा. चाक उतरल्यावर हबचे आणि डिस्केचे पृष्ठभाग तारेच्या ब्रशाने घासून कोरडे करावेत. भोके लंबगोल झाली आहेत का, त्यांच्याभोवती चीर आहे का, आटे खाल्ले गेले आहेत का, हे पाहावे. यांपैकी काहीही आढळल्यास तो भाग पुन्हा वापरू नये. एक स्टड तुटलेला आढळला, तर शेजारच्या स्टडांनीही त्याचा भार सोसलेला आहे हे ध्यानात ठेवून तेही बदलावेत.

नट प्रथम बोटांनी फिरवावा. बोटांनी तो सरळ चढत नसेल, तर पान्याच्या जोराने तो चढवू नये. आटे वाकडे बसले आहेत असे समजावे. सर्व नट हाताने बसल्यावर ते समोरासमोरच्या क्रमाने, म्हणजे एक येथला तर दुसरा त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे कसावेत. शेजारचे शेजारी कसत गेल्यास डिस्क एका बाजूस कलंडून बसते. नंतर जॅक उतरवून चाक जमिनीला टेकवावे आणि त्याच क्रमाने, ठरलेल्या पिळापर्यंत, टॉर्क पान्याने शेवटचे कसावे. हा पाना ठरलेला पीळ आला की खटका देऊन सांगतो. त्याची किंमत एका चांगल्या टायरहून फारशी अधिक नसते. दहा-पंधरा गाड्यांच्या मालकांनी मिळून एक घेतला तरी पुष्कळ काम होईल.

हवेच्या गनने काम लवकर होते हे खरे. परंतु गन किती पीळ देते ते तिच्या आवाजावरून कळत नाही. नट धावता करण्यापुरती ती वापरावी. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच द्यावा. तसेच गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. तेल लावलेल्या नटाचे घर्षण कमी होते, त्यामुळे तेवढ्याच पिळात स्टड अधिक ताणला जातो आणि पान्यावरचा आकडा फसवा ठरतो.

दुसऱ्यांदा तपासणे

हे सर्व केले तरी काम पुरे झाले असे समजू नये. आज मला आपणांस सांगावयाचे आहे ते मुख्यतः हेच. चाक बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर अंतर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासलेच पाहिजेत. पृष्ठे बसावयाची असतील ती तोवर बसतात, रंग किंवा गंज चेपावयाचा असेल तर तो चेपतो, आणि ढिलाई उघडकीस येते. ही दुसरी तपासणी टाळणे म्हणजे पहिले श्रम वाया घालविणे होय.

आपल्या भागाच्या भूगोलाने ही तपासणी कोठे करावी ते जणू आखूनच ठेवले आहे. मुंबईहून खोपोली साधारण ७० ते ८० किलोमीटर. सकाळी मुंबईत चाक बदलून निघालेल्या गाडीची दुसरी तपासणी नेमकी खालापूर-खोपोलीच्या टापूत, घाट चढण्यापूर्वी येते. उलट बाजूने पुण्याहून लोणावळा सुमारे ६५ किलोमीटर. पुण्यात चाक बदललेल्या गाडीची तपासणी लोणावळ्यास, घाट उतरण्यापूर्वी येते. खोपोलीतच चाक बदलले असेल तर लोणावळ्यास पोहोचल्यावर, चाके निवू देऊन, एकदा पाहावे आणि पुढे पुण्याच्या अलीकडे पुन्हा एकदा पाहावे. यासाठी द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी उभी करू नये. ते स्वतःच एक संकट आहे. अधिकृत थांबा, पेट्रोल पंप किंवा गॅरेज येथेच हे काम करावे.

रेल्वेने हा धडा पूर्वीच घेतलेला आहे. बोरघाटातील लोहमार्गाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबवून त्यांना मागून जादा इंजिने जोडतात. घाट उतरणाऱ्या गाड्या ब्रेकच्या तपासणीसाठी थांबविल्या जातात. कितीही घाईचा प्रवासी असला तरी कर्जतच्या या थांब्याबद्दल तो तक्रार करीत नाही; वडा घेतो आणि वाट पाहतो. मग रस्त्याने जाणाऱ्या गाडीला पाच मिनिटांचा थांबा जड का वाटावा?

तपासणीची रीत सोपी आहे. टॉर्क पाना ठरलेल्या आकड्यावर ठेवून प्रत्येक नटावर कसण्याच्या दिशेने ओढावा. नट न हलता खटका आला तर उत्तम. एखादा नट थोडा फिरला तर तो कसून त्याची नोंद ठेवावी. अनेक नट फिरले, किंवा तोच नट पुढच्या तपासणीतही फिरला, तर केवळ कसून पुढे जाऊ नये. चाक उतरवून कारण शोधावे. सैल होणारा नट काहीतरी सांगत असतो. चाक तापलेले असताना मात्र हे काम करू नये.

रोजची नजर

दुसरी तपासणी झाली की रोजच्या नजरेला मोकळीक मिळाली असे नव्हे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी. नटाखालून डिस्केवर गंजाचे ओघळ उतरलेले दिसले, नटाभोवती धातू घासून चकाकू लागलेला दिसला, एखादा नट शेजाऱ्यांपेक्षा अधिक बाहेर आलेला दिसला, तर गाडी हलवू नये. प्रत्येक नटावरून डिस्केवर येईल अशी रंगाची एक बारीक रेघ बाहेरून ओढून ठेवावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. बसगाड्यांना लावतात ते पिवळे टोकदार दर्शकही हेच काम करतात. तथापि एक सावधगिरी सांगतो. रेघ नट फिरल्याचे सांगते, दाब गेल्याचे सांगत नाही. माझ्या बाबतीत प्रथम दाब गेला आणि नट नंतर फिरले. म्हणून रेघ ही पान्याची बदली होऊ शकत नाही. हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याच्या रीतीविषयीही तेच म्हणावे लागेल. त्याने तुटलेला स्टड कळेल. दाब पुरेसा आहे की नाही ते कळणार नाही.

चालू गाडीत हळू वेगाला येणारा टक् टक् आवाज, सुकाणूचे थरथरणे, मागच्या बाजूने बसणारे हेलकावे यांचा अर्थ रस्ता खराब आहे असाच लावू नये. आणि क्लीनर, सहप्रवासी किंवा मागच्या बाकावरील एखादे मूल आवाज येतो असे म्हणाले, तर गाडी थांबवून पाहावे. त्या दिवशी एका पोराच्या कानाने गाडीभर माणसे वाचविली. पत्र्यावर थाप मारण्याचा त्याचा हट्ट नसता तर पुढच्या उतारावर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

कॅरव्हॅन आणि मागे जोडून नेण्याच्या गाड्यांविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. पाण्याची टाकी, शेगडी, बिछाने, सामान यांमुळे अशा गाडीचा मागील आस सदैव भारलेला असतो. शिवाय ती गाडी महिनोगणती एका जागी उभी असते आणि मग एके दिवशी एकदम लांबच्या प्रवासाला निघते. उभ्या गाडीचे नट गंजतात, म्हणून निघण्यापूर्वी ते तपासावेत. जोडगाडीच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. पुढचे चाक सैल झाले तर सुकाणू सांगते, मागचे झाले तर आसन सांगते. पण जोडगाडीचे चाक सैल झाले तर चालकाला कोणीच सांगत नाही, कारण तेथे कोणी बसलेलेच नसते. तेथे प्रत्येक विश्रांतीला उतरून पाहणे हाच उपाय आहे.

जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १९० अन्वये सदोष स्थितीतील वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा अपराध आहे. परंतु कायद्याच्या भीतीने नट कसले जात नाहीत. मालमोटारीचे टायरसह चाक १०० किलोंच्या घरात असते. ते निखळले की गाडीपेक्षाही पुढे धावते आणि समोर काय आहे हे पाहत नाही. आपल्या रस्त्यांच्या कडेने कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची मुले शाळेला जातात. उन्हाळ्यात त्यांच्या आया करवंदे आणि जांभळे घेऊन वळणावर बसतात. त्या गाडीचे मालक नाहीत, चालक नाहीत आणि प्रवासीही नाहीत. तरीही सुटलेले चाक त्यांच्याच दिशेने येते. नट तपासताना या माणसांची आठवण ठेवावी एवढेच माझे मागणे आहे.

येथे बसलेल्या गॅरेजचालकांस आणि पंक्चर काढणाऱ्या बांधवांस मी विशेष विनंती करतो. चाक बसवून पाना खाली ठेवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगा : “पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासून घ्या.” शक्य असल्यास तेच एका चिठ्ठीवर लिहून सुकाणूजवळ चिकटवा. या वाक्याला खर्च येत नाही. हे वाक्य आपल्या कामातील उणीव दाखविते असेही कोणी समजू नये. उलट ज्याला आपले काम कळते तोच ते बोलतो. मी त्या सकाळी “सहा महिने बघायला नको” असे म्हणालो नसतो, त्याऐवजी हे एक वाक्य बोललो असतो, तर चालकाने पालीला देवदर्शनाच्या वेळी पाना लावून पाहिले असते आणि पुढचा प्रसंग टळला असता.

बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगितली जाते. जुने चालक तेथे गाडीचा वेग कमी करून नाणे वाहत आणि मगच पुढे जात. कित्येक जण आजही वाहतात. ती श्रद्धा तशीच राहो. फक्त नाणे वाहण्यापूर्वी, खाली पायथ्याशी, पाच मिनिटे गाडी थांबवून प्रत्येक चाकाला एकदा पाना लावा, आणि मगच घाटाला लागा.

आता बाहेर एक चाक आणि टॉर्क पाना ठेवलेला आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने खटका अनुभवावयाचा असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे.